जुन्या आवृत्तीचे सोवळे

'स्मरणरंजन' हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा शिवीसारखा वापरला जातो. एखाद्या कादंबरीला स्मरणरंजनात्मक म्हटले की तिच्याविषयी अधिक काही बोलण्याची गरज उरली नाही, असा आपला समज असतो. हा समज तपासून पाहण्यासाठी आम्ही येथे मुद्दाम साहित्याच्या उंबरठ्याबाहेरचे उदाहरण घेत आहोत. ते आहे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळाचे, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांविषयी गेली वीसएक वर्षे जो गहिवर दाटून आला आहे त्याचे. या गहिवराला म्हातारचळ म्हणून हसणारा एक पक्ष आहे. जुनी आवृत्ती हीच काय ती खरी, पुढचे सारे भ्रष्ट, असे मानणारा दुसरा. आमचे म्हणणे असे की हे दोन्ही पक्ष एकाच गृहीतकावर उभे आहेत. जुने पुस्तक ही पूर्ण झालेली, मिटलेली वस्तू आहे, असे दोघेही मानतात. ते पुस्तक पूर्ण नव्हते, आणि त्याचे जे काही मोठेपण आहे ते त्या अपुरेपणातच आहे.

खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो; त्याला 'डन्जन मास्टर' म्हणतात. तो एका कल्पित जगाचे वर्णन करतो: भुयाराचा दरवाजा, ओल्या भिंती, पलीकडे कुणाची तरी चाहूल. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी धर्मोपदेशक. आपले पात्र काय करते ते त्यांनी सांगायचे. यशाविषयी शंका असेल तेथे फासे टाकायचे. शेवटी कुणी जिंकत नाही. हाती उरते ती एक गोष्ट, आणि ती कुणा एकाने रचलेली नसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. लाकडाचा भास देणारा कागद चिकटवलेली एक पेटी, तीत तीन लहान पुस्तिका, पहिली छपाई एक हजार प्रतींची. नियमपुस्तिका ही संहिता आणि टेबलावरचा खेळ हा प्रयोग, असे म्हटले तर नाटकाच्या अभ्यासकाला या प्रकाराचे स्वरूप चटकन उमगेल.

पुढे आवृत्त्या वाढत गेल्या. १९७७ ते १९७९ या काळात 'ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे तीन जाडजूड ग्रंथ आले. नवशिक्यांसाठीचा वेगळा संच १९७७ मध्ये निघाला आणि १९८१ व १९८३ मध्ये पुन्हा लिहिला गेला. दुसरी आवृत्ती १९८९ ची. १९९७ मध्ये मूळची टीएसआर ही कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. तिसरी आवृत्ती २००० मध्ये, चौथी २००८ मध्ये, पाचवी २०१४ मध्ये, आणि पाचवीचे संशोधित रूप २०२४ मध्ये. या वाटचालीत नियम विस्तारले आणि पात्रे बळकट झाली. याच सुमारास काही खेळाडूंनी मागे वळायचे ठरवले. २००६ मध्ये 'ऑस्रिक', २००७ मध्ये 'लॅबिरिंथ लॉर्ड', २००८ मध्ये 'स्वॉर्ड्स अँड विझर्ड्री' ही पुस्तके निघाली. जुने नियम नव्या शब्दांत पुन्हा मांडणे, हे त्यांचे काम. या चळवळीला 'ओल्ड स्कूल रेनेसाँ', म्हणजे जुन्या वळणाचे पुनरुज्जीवन, असे भारदस्त नाव मिळाले.

आता पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. पन्नाशी-साठीच्या पुरुषांनी आपल्या चौदाव्या वर्षासाठी टाकलेले उसासे, एवढेच या चळवळीचे सार आहे असे तो म्हणतो. हे स्पष्टीकरण आळशी आहे. माळ्यावरची जुनी पेटी माणूस का उघडतो, हे त्याने कळते. उघडल्यावर तो तिच्यातला खेळ वर्षानुवर्षे का खेळत राहतो, हे कळत नाही. ज्यांचा जन्मच १९८१ नंतरचा आहे अशा खेळाडूंना १९८१ च्या नियमांची ओढ का वाटावी, याचे उत्तर तर त्यात मुळीच नाही. आपण जगलोच नाही त्या काळाची आठवण येत नसते. तेव्हा कारण त्या नियमांतच शोधायला हवे.

ते सापडतेही. १९८१ च्या संचात पहिल्या पातळीच्या जादूगाराला एकच मंत्र येतो, आणि एकदा उच्चारला की तो त्याच्या स्मृतीतून पुसला जातो. जखमा सोसण्याची त्याची शक्ती चार बाजूंच्या एका फाशाने ठरते. म्हणजे एका बऱ्या घावाचे काम. दुसरा नियम याहून बोलका आहे. पात्राचा अनुभव मुख्यतः मिळतो तो बाहेर काढून आणलेल्या धनातून, एका सुवर्णमुद्रेला एक गुण या हिशेबाने. राक्षस मारून त्या मानाने फारच थोडा मिळतो. परिणाम काय होतो? शहाणा खेळाडू लढाई टाळतो. तो लाच देतो, थाप मारतो, छताला दोर बांधतो, दोन शत्रूंना एकमेकांवर सोडतो. वरवर पाहता हा हिशेबाचा नियम. प्रत्यक्षात तो कथानकाला वळण देतो. वीरकथेच्या अपेक्षेने बसलेल्या मंडळींना तो ठकसेनकथा रचायला लावतो. नियमातून कथाप्रकार कसा जन्मतो याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही. हे आकर्षण काव्यशास्त्राच्या कक्षेतले आहे. त्याला उसासा म्हणून निकालात काढता येणार नाही.

इथवर आम्ही जुन्याचे वकीलपत्र घेतले असे वाटेल, म्हणून लगेच दुसऱ्या पक्षाकडे वळतो. आमचे खरे भांडण त्याच्याशी आहे. हा पक्ष 'मूळ' संहितेची शपथ घेतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींचे पाठभेद ज्याने एकदा पाहिले आहेत त्याने या शपथेवर पहिला प्रश्न विचारायला हवा: मूळ म्हणजे कोणती?

१९७४ च्या तीन पुस्तिका? त्या स्वयंपूर्ण नव्हत्याच. लढाईसाठी वाचकाकडे 'चेनमेल' हे १९७१ चे युद्धखेळाचे पुस्तक असावे, आणि रानावनातल्या भटकंतीसाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट जवळ ठेवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ग्रेहॉक' ही पुरवणी निघाली आणि तिने चोराचे पात्र आणले, फाशांचे हिशेब बदलले. सुरुवातीच्या छपाईत टोल्किनचे हॉबिट व बालरॉग नावानिशी वावरत होते. हक्कधारकांची हरकत आल्यावर १९७७ च्या सुमारास ती नावे गळाली. याच काळात ॲरिझोनात केन सेंट आंद्रे यांना हे नियम गुंतागुंतीचे वाटले, म्हणून त्यांनी १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा स्वतःचा खेळच लिहून काढला. लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' या नियतकालिकात खेळाडू एकमेकांच्या नियमांवर महिनोन् महिने हुज्जत घालत होते. युद्धखेळाचे शौकीन आणि विज्ञानकथांचे वाचक असे दोन निराळे समूह या खेळाकडे आले आणि हा खेळ नेमका आहे तरी काय यावर त्यांचे कधीच एकमत झाले नाही, हे जॉन पीटरसन यांनी 'द इल्यूसिव्ह शिफ्ट' या २०२० च्या ग्रंथात साधार दाखवले आहे. ज्या सुवर्णयुगात सगळे एकच खेळ खेळत होते ते युग कॅलेंडरात सापडत नाही.

निदान कर्त्याचा हेतू तरी एक होता का? तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस गायगॅक्स वाचकाला सांगतात की पुढचे तुम्हीच रचा, तुमच्यासाठी कल्पना करण्याचे काम आमच्याकडे कशाला? पाच वर्षांनी, १९७९ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'च्या प्रारंभी तेच गायगॅक्स एकसूत्रतेचा आग्रह धरतात. सर्वत्र एकच खेळ खेळला गेला पाहिजे. आणि गंमत अशी की त्याच ग्रंथाच्या अखेरीस ते नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा महत्त्वाचा असल्याचे बजावतात. या विसंगतीला व्यवहाराचीही एक बाजू होती. 'ॲडव्हान्स्ड' हा वेगळाच खेळ असल्याने त्याचे मानधन आर्नेसन यांना देय नाही, अशी कंपनीची भूमिका होती. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. म्हणजे मूळ कोणते आणि वेगळे कोणते, हा प्रश्न पहिल्या दशकातच कोर्टकचेरीत जाऊन पोचला होता. आजचे सोवळे पाळणारे ज्या शुद्धतेची ग्वाही देतात ती कर्त्यांनाही ठाऊक नव्हती.

एक प्रकरण विशेष बोलके आहे. जीन वेल्स या टीएसआरच्या रचनाकार विभागात आलेल्या पहिल्या स्त्री. त्यांची 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' ही साहसपुस्तिका १९८१ मध्ये छापून झाली आणि आतल्या काही चित्रांवरून कंपनीने ती तडकाफडकी मागे घेतली. बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. मग टॉम मोल्डव्हे यांनी ती नव्याने लिहिली आणि तीच सर्वदूर पोचली. नारिंगी वेष्टनाची पहिली प्रत आज संग्राहकांच्या बाजारात दुर्मिळ वस्तू म्हणून मिरवते. ज्यांना मूळचेच हवे त्यांनी सांगावे: यातली मूळ कोणती? बाईंनी लिहिलेली आणि कुणाला खेळायलाच न मिळालेली, की पुरुषाने पुन्हा लिहिलेली आणि एका पिढीने खेळलेली? संहितेच्या शुद्धतेवर उभी असलेली भक्ती येथे निरुत्तर होते. शिवाय हेही ध्यानात येते की ज्याला आपण परंपरा म्हणतो ती काही प्रमाणात नष्ट केलेल्या प्रतींनीही घडलेली असते.

यापुढचा मुद्दा अधिक अप्रिय आहे. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मधल्या बळाच्या तक्त्यात मानवी योद्ध्याला १८ या आकड्यापुढे आणखी शंभर पायऱ्या चढता येत; पात्र स्त्री असेल तर पन्नासाव्या पायरीवर तिची वाट बंद. १९८९ च्या आवृत्तीने हे बंधन काढून टाकले. १९७९ च्या ग्रंथात शहरातल्या रस्त्यावर भेटणाऱ्या वेश्यांच्या प्रकारांसाठी फाशांचा खास तक्ता आहे. आणि भारतीय वाचकाला थबकायला लावणारी एक गोष्ट १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आहे. तेथे 'राक्षस' आहे. भारतात प्रथम आढळलेले आणि आता इतरत्र पसरत चाललेले दुष्ट आत्मे, अशी त्याची ओळख करून दिलेली आहे. चित्रात तो वाघाच्या डोक्याचा, अंगात झगा, हाती धूम्रपानाची नळी. मंतरलेला बाण लागला की तो मरतो. हे सारे आले कोठून? रामायणातून नव्हे, महाभारतातूनही नव्हे. 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ सालच्या एका भागातून. रावण, बिभीषण, हिडिंबा, घटोत्कच यांच्या गोतावळ्यात वाढलेल्या वाचकाने या वाघोबाकडे पाहून हसावे की चिडावे?

आमचे उत्तर: दोन्ही करावे, आणि मग वाचावे. नेमके हेच भक्तांना मान्य नाही. २०२४ मध्ये खेळाच्या पन्नाशीनिमित्त कंपनीने १९७० ते १९७७ या काळातली मूळ कागदपत्रे एका भल्यामोठ्या ग्रंथात प्रसिद्ध केली. त्यात १९७३ चा हस्तलिखित-टंकलिखित अवस्थेतला खर्डा आहे, मूळ पुस्तिकांची प्रतिरूपे आहेत. जेसन टोंड्रो यांच्या प्रास्ताविकात एवढेच म्हटले होते की या मजकुरात स्त्रियांविषयी व इतर अनेकांविषयी तुच्छतेची भाषा आहे, गुलामगिरी केवळ व्यवहार म्हणून येते, आणि वाचकाने हे जाणून असावे. यावर केवढा गदारोळ! इलॉन मस्क यांच्यासारख्या धनाढ्यानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे आगपाखड केली. वास्तविक जुना मजकूर समोर ठेवणे आणि त्याच्या आधी चार पाने काळाचे भान देणे, हे तर कोणत्याही चिकित्सक आवृत्तीच्या संपादकाचे नित्यकर्म आहे. ज्यांना मूळ मजकूर हवा होता त्यांना तो मिळाला होता. त्यांना खुपली ती प्रस्तावना. जे प्रेम एक प्रस्तावना सहन करू शकत नाही ते संहितेवरचे प्रेम नव्हे. ते स्वतःच्या पौगंडावस्थेवरचे प्रेम आहे. पहिल्या पक्षाचा उपहास या मंडळींना मात्र चपखल लागू पडतो.

बाजाराला दोन्ही पक्ष सारखेच उपयोगी पडतात. १९७४ मध्ये दहा डॉलरला विकलेला तो संच २०१३ मध्ये शोभिवंत लाकडी पेटीत सुमारे दीडशे डॉलरला पुन्हा आला. पहिल्या पेटीवर लाकडाचा नुसता भास होता. आता लाकूड खरे झाले आणि आतला खेळ कपाटात ठेवायची वस्तू झाला. पण याच कहाणीची दुसरी बाजू आहे, आणि आमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीने 'ओपन गेम लायसन्स' नावाचा खुला परवाना दिला होता. नियमांचा एक गाभा त्यानुसार कुणालाही वापरता येऊ लागला. हेतू उघड होता: इतरांनी नव्या आवृत्तीसाठी पुस्तके लिहावीत आणि नवी आवृत्ती खपावी. काही खटपट्या वाचकांनी त्याच परवान्याच्या आधाराने जुना खेळ पुन्हा उभा केला. पुनरुज्जीवनाची सुरुवातीची बहुतेक पुस्तके या मार्गाने आली. नव्या आवृत्तीची जाहिरात म्हणून दिलेली किल्ली जुन्या वाड्याच्या कुलपाला लागली!

जानेवारी २०२३ मध्ये हा जुना परवाना रद्दबातल ठरवू पाहणारा मसुदा बाहेर फुटला, तेव्हा वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या या छोट्या प्रकाशनांच्या पोटावरच पाय आला. विरोध इतका तीव्र झाला की २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने माघार घेतली, आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या परवान्याखाली कायमचा खुला केला. या लढ्यात जुन्यावर प्रेम करणारे होते, नव्यावर प्रेम करणारेही होते. प्रश्न आठवणींचा नव्हताच. अनेकांनी मिळून वाढवलेल्या कल्पनाविश्वात लिहिण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न होता. मालकाचा की वाचकाचा? सोवळे पाळणाऱ्यांनी हे ओळखावे की संहिता अस्पर्श ठेवण्याचा त्यांचा आग्रह आणि संहितेवर ताबा ठेवण्याचा मालकाचा आग्रह हे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही वाचकाच्या हातातली लेखणी नको असते.

मग जुन्याशी निष्ठा म्हणजे काय? आमच्यापुढे दोन उदाहरणे आहेत. २०१९ मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांनी 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' हे पुस्तक केले. १९८१ चे नियम त्यांनी जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. बदलली ती मांडणी, जेणेकरून खेळताना हवा तो नियम समोरासमोरच्या दोन पानांत सापडावा. हे निष्ठावान संपादकाचे काम. दुसरे उदाहरण केल्सी डिऑन यांच्या 'शॅडोडार्क' या २०२३ च्या खेळाचे. जुन्या नियमांत भुयारातली मशाल किती काळ जळाली याचा हिशेब कागदावर ठेवावा लागे, आणि बहुतेक जण तो ठेवायला कंटाळत. डिऑन यांच्या खेळात मशाल खऱ्या घड्याळाने एक तास जळते. टेबलावर बसलेल्यांची गप्पाष्टके लांबली की भुयारात अंधार. १९७४ च्या कोणत्याही पानावर हा नियम नाही. तरी त्या पानांतली भीती याच्याइतकी अचूक क्वचितच कुणी पकडली असेल. हे प्रतिभावान वाचकाचे काम. दोन्ही कामे जुन्याच्या प्रेमातूनच झाली. पहिल्याने वाट झाडून स्वच्छ केली, दुसऱ्याने ती पुढे नेली. सोवळे मात्र दोघांनीही पाळले नाही.

१९७९ मधल्या 'इन सर्च ऑफ द अननोन' या माइक कार यांच्या पुस्तिकेत भुयाराचा संपूर्ण नकाशा आहे, दालनांची वर्णने आहेत. कोणत्या दालनात कोणता प्राणी आणि कोणते धन, ते मात्र कोरे सोडले आहे. शेवटी याद्या दिल्या आहेत, त्यांतून निवडून सूत्रधाराने आपल्या हाताने भरायचे. नव्या सूत्रधाराला शिकवण्यासाठी केलेली ही सोय होती. वाचकाच्या सहभागावर साहित्यशास्त्रात आपण एवढे तास घेतो, इझर आणि इंगार्डन यांच्या रिकाम्या जागा फळ्यावर मांडतो. इथे त्या जागा छापून, पेन्सिलीने भरण्यासाठी ठेवलेल्या आहेत. अशा पुस्तिकेची कोरी करकरीत प्रत आज संग्राहकाला अधिक मोलाची वाटते, आणि कुणा शाळकरी मुलाने वेड्यावाकड्या अक्षरांत भरलेली प्रत कमी मोलाची. या खेळाच्या स्मरणरंजनात जे काही विकृत आहे ते या एका व्यवहारात आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. यापुढे एखाद्या कृतीला स्मरणरंजनात्मक म्हणताना तेथे थांबू नये. हे स्मरण माणसाच्या हाती लेखणी देते की हातातली काढून घेते, एवढे विचारावे. जुन्या पुस्तकांपुढे हात जोडणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही, आणि त्यांना नुसते हसणाऱ्यांचीही. दोघांच्या मधून जाणारी वाट अरुंद आहे. तिच्यावरून चालणाऱ्याच्या हाती मात्र पेन्सिल असते, आणि पुस्तकाच्या समासात त्याचे अक्षर.